परिचारिका घडते ती रुग्णाच्या खाटेजवळ

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतल्या अनेक घरांत बोलणे सुरू होते : मुलीला नर्सिंगला घालावे का? विचार चांगला आहे. पण इमारत आणि फी पाहून प्रवेश घेऊ नका. त्या कॉलेजच्या मुली कोणत्या रुग्णालयात काम शिकतात, हे आधी विचारा.

एक उदाहरण घ्या. बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पाहायचा, गर्भाशय घट्ट झाले का ते पोटावरून तपासायचे, हे पुस्तकात असते. साध्या बाळंतपणात ५०० मिलीलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर धोका असतो. पण कपड्यात मुरलेल्या रक्ताचा अंदाज अनुभवी सिस्टरच्या शेजारी उभे राहूनच येतो. ही नजर नसेल तर उद्या आपल्याच लेकी-सुनांचा जीव धोक्यात येतो.

एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिन्हींत रुग्णालयातील आणि वस्तीतील प्रत्यक्ष काम असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थिनीमागे ३ रुग्ण हवेत. रुग्णच कमी असतील तर मुली नुसत्या उभ्या राहतात.

दुसरी अडचण अशी की वर्गात एक शिकवतात आणि वॉर्डात दुसरेच दिसते. प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा, असे शिक्षिका सांगतात. वॉर्डात गर्दीमुळे ते राहून गेले, तर मुलगी जे पाहते तेच उचलते. म्हणून कॉलेजच्या शिक्षिका आणि वॉर्डातील सिस्टर यांनी मिळून शिकवायला हवे. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगच्या शिक्षिकांकडे वॉर्डाचीही जबाबदारी असते. त्यामुळे जे शिकवले ते करून दाखवावे लागते आणि वॉर्डातली अडचण वर्गात पोहोचते.

आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि गरिबाचा आधार सरकारी दवाखानाच आहे. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टरांसोबत परिचारिकांचे शिक्षणही वॉर्डाशी असेच घट्ट जोडले गेले, तर त्याचा लाभ थेट आपल्या घरांना होईल.

प्रवेशाआधी हे विचारा :
१. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का?
२. सरावाचे रुग्णालय कोणते? तिथे रोज किती रुग्ण असतात, बाळंतपणे होतात का?
३. वॉर्डात मुलींसोबत शिक्षिका असते का?
४. शिष्यवृत्ती लागू आहे का? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

शक्य तर एक दिवस त्या रुग्णालयात स्वतः जाऊन या. खाटा रिकाम्या आहेत की भरलेल्या, हे डोळ्यांना लगेच दिसते.

आणि शिकाऊ परिचारिका वस्तीत रक्तदाब मोजायला, गरोदर बाईची चौकशी करायला आली, तर तिला दारातून परत पाठवू नका. सोबत शिक्षिका आहे का, एवढे विचारा. मनाला पटले नाही तर नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण तिला बसायला जागा दिली, तर ती आपल्याच घरात शिकेल आणि उद्या आपल्याच माणसांच्या कामी येईल.