आधी आत बघता येऊ दे

अगं, तुझ्या सिस्टीमवाल्या सरांनी तुझी फाइल चालवायला नकार दिला म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ‘मी कुणाचीही स्क्रिप्ट रूटनं चालवत नाही’ असं कुणी तोंडावर म्हटलं की वाटतं, आपल्यावरच संशय घेतला. पण तू त्यांच्याकडे काय मागितलंस ते बघ ना. साधी टार फाइल पाठवली असतीस, तर त्यांनी ती आपल्या हातानं, आपल्याला हवी तिथे उघडली असती. तू पाठवलीस आपली आपण उघडणारी शेल फाइल. ‘नुसती चालवा, पुढचं ती बघून घेईल.’ आता त्यांच्या खुर्चीत बसून हे वाक्य परत वाच.

ही युक्ती तशी जुनी आहे, आणि बाई, ज्यांनी काढली ती माणसं हुशार होती. ऐंशीच्या दशकात युनिक्सवाले आपला सोर्स कोड यूजनेटवरून एकमेकांना पाठवायचे. तिथून जाणार फक्त मजकूर. मग सगळ्या फाइली एकाच शेल स्क्रिप्टमध्ये लिहायच्या. प्रत्येक फाइलसाठी एक हिअर डॉक्युमेंट, की इथपासून त्या खुणेच्या ओळीपर्यंत जे येईल ते अमक्या नावानं लिहून ठेव. ज्याला मिळेल त्यानं ती शेलला द्यायची, की सगळ्या फाइली जागच्या जागी तयार. हीच शेल आर्काइव्ह, सगळे तिला ‘शार’ म्हणतात. उघडायला वेगळं काही लागत नाही, कारण शेल प्रत्येक युनिक्सवर असतोच. मोठमोठे प्रोग्रॅम असे तुकड्या-तुकड्यांनी प्रवास करायचे. लॅरी वॉलची पर्ल भाषासुद्धा १९८७च्या डिसेंबरात यूजनेटवरूनच लोकांपर्यंत पोचली.

एखादी जुनी शार फाइल कधी मिळाली तर उघडून बघच. बऱ्याचदा आतल्या प्रत्येक ओळीच्या आधी एक ‘एक्स’ दिसेल. वाटेतले मेल प्रोग्रॅम काही ओळींना हात लावायचे. ‘फ्रॉम’नं सुरू होणाऱ्या ओळीपुढे खूण टाकायचे, नुसतं टिंब असलेली ओळ आली की मेल संपली असं धरायचे. पुढे एक्स लावला की तो धोका टळायचा, आणि उघडताना ‘सेड’ तो एक्स काढून टाकायचा. शेवटी ‘डब्ल्यूसी’नं अक्षरं मोजून मूळ आकड्याशी ताडूनही बघायचे. चित्रं किंवा बायनरी असेल तर ‘यूयूएन्कोड’. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी १९८०मध्ये बर्कलीत लिहिलेला तो प्रोग्रॅम तीन बाइटांची चार अक्षरं करतो. फाइल एक तृतीयांशाहून जास्त फुगते, पण मजकूर म्हणून सुखरूप जाते. मला यातली गंमत अशी वाटते की शार फाइल वाचता यायची. चालवायच्या आधी डोळ्यांखालून घालायची सोय तिच्यात होती. आपल्या आजच्या गठ्ठ्यांत नेमकी तीच हरवते.

कारण आज आपण काय करतो? वर सात-आठ ओळींची स्क्रिप्ट, मग एक खुणेची ओळ, आणि तिच्याखाली ‘कॅट’नं चिकटवलेली टार-जीझिप. ‘ऑक’नं खुणेचा ओळक्रमांक शोधायचा, ‘टेल’ला सांगायचं की डॉलर-शून्य, म्हणजे हीच फाइल, खुणेच्या पुढच्या ओळीपासून दे, आणि ते पाइपनं टारकडे. झालं. तेवढं डॉलर-शून्य अवतरणचिन्हांत ठेव, नाहीतर फोल्डरच्या नावात स्पेस आली की सगळं अडतं. आणि खुणेच्या आधी ‘एक्झिट’ हवंच. ते नसलं तर शेल खालची बायनरी कमांड समजून चालवायला जातो आणि पडद्यावर नुसता कचरा येतो. अशी फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नकोस, एफटीपीनं टेक्स्ट मोडमध्येही पाठवू नकोस. ओळींचे शेवट बदलतात आणि खालचा माल खराब होतो.

पण हातानं बांधण्याचा हट्ट कशाला? ‘मेकसेल्फ’ वापर. स्टेफान पीटर यांची ती एक शेल स्क्रिप्टच आहे. तिला चार गोष्टी सांगायच्या: कुठलं फोल्डर, तयार फाइलचं नाव काय, एक ओळ वर्णन, आणि उघडल्यावर आतली कुठली स्क्रिप्ट चालवायची. एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स यांच्या ‘डॉट रन’ फाइली याच जातीच्या. आणि मुख्य म्हणजे, घेणाऱ्याला आत डोकावता येतं. दोन डॅश देऊन ‘लिस्ट’ म्हटलं की आतल्या फाइलींची यादी, ‘इन्फो’ म्हटलं की माहिती, ‘चेक’ म्हटलं की तपासणी. ‘नोएक्झेक’ आणि ‘टार्गेट’ दिलं, तर सांगितलेल्या फोल्डरमध्ये सगळं उघडतं पण आतली स्क्रिप्ट चालत नाही. सरांना हेच हवं होतं, दुसरं काय!

‘चेक’बद्दल मात्र एक कानात सांगून ठेवते. ज्या बेरजेशी, म्हणजे चेकसमशी, ते ताडून बघतं, ती बेरीज त्याच फाइलच्या डोक्यावर लिहिलेली असते. वाटेत काही तुटलं का, ते ती सांगेल. मुद्दाम कुणी आतलं बदललं, तर तो बेरीजही बदलेल. म्हणून शा-२५६ची बेरीज वेगळी काढ आणि वेगळ्या वाटेनं कळव, किंवा जीपीजीची सही दे.

आता उघडल्यानंतरचं. तुझी स्क्रिप्ट परक्या मशीनवर पाहुणीसारखी वागली पाहिजे. शिरल्या शिरल्या घरच्यांची कपाटं उघडायची नाहीत. कुठे उघडू ते विचारायचं, आधीची फाइल असेल तर तिच्यावर लिहायचं नाही. जीएनयूचं शारसुद्धा तू स्पष्ट सांगितल्याशिवाय जुनी फाइल पुसत नाही. तात्पुरतं फोल्डर ‘एमकेटेम्प’नं करायचं, जाताना ‘ट्रॅप’ लावून आवरून जायचं, आणि रूट लागत नसेल तिथे मागायचंच नाही. बऱ्याच सर्व्हरांवर ‘टेम्प’ फोल्डरमधून काही चालवायला बंदी असते. तिथे मेकसेल्फ ‘परमिशन डिनाइड’ म्हणतं आणि आपण तासभर भलतीकडेच शोधत बसतो. दुसरं फोल्डर दिलं की काम होतं. आणि वरच्या ओळीत ‘एसएच’ लिहिलं असशील तर खाली बॅशचे लाड नकोत. डेबियन-उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश असतो, त्याला बॅशचे अ‍ॅरे आणि दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत. म्हणून पाठवण्याआधी कोऱ्या मशीनवर, साध्या यूझरनं, एकदा चालवून बघ.

आणि हो, नुसत्या फाइलीच द्यायच्या असतील तर हा खटाटोप नको. टार पाठव आणि मोकळी हो. उघडल्यावर काही बसवायचं, जोडायचं असेल, तेव्हाच असा गठ्ठा.

उद्या मेल लिहिशील त्यात ‘प्लीज रन’ एवढंच नको. आत काय आहे ते कसं बघायचं, काही न चालवता कसं उघडायचं, बेरीज कुणाकडून ताडून घ्यायची, आणि उलटं फिरवायचं झालं तर काय करायचं, या चार ओळी घाल. सरांनी मग आणखी दोन प्रश्न विचारले तर आनंदानं उत्तरं दे. दुपारी प्रश्न विचारणारा माणूस त्या सर्व्हरवर असणं तुझ्याच फायद्याचं आहे. काही बिघडलं तर रात्री दोनला फोन वाजणार तो तुझाच.