काटा काय सांगतो?

पिंपरी, भोसरी, चाकण. या गावांच्या शिवारात पूर्वी ज्वारी-बाजरी डोलत होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे स्कूटरचे, मोटारींचे कारखाने आले. त्यांच्या आधाराने लहान वर्कशॉपे उभी राहिली. खेड-मावळची पुष्कळ माणसे आज तेथे कामाला जातात. कुणी वेल्डिंग करतो, तर कुणी वेल्डरच्या हाताखाली असतो. त्यांच्यासाठी हा धडा.

गॅस वेल्डिंगला दोन बाटले लागतात. काळा बाटला ऑक्सिजनचा. काळपट तांबडा, म्हणजे मरून, तो ॲसिटिलीनचा. दोन्हींचे आटे उलटसुलट असतात. ऑक्सिजनचा नट उजवीकडे फिरवला की आवळतो, ॲसिटिलीनचा डावीकडे. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसू नये, म्हणून ही सोय. नट बसत नसेल तर जोर लावू नका. आधी बाटल्याचा रंग पाहा.

भरलेल्या ऑक्सिजनच्या बाटल्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाब असतो. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दीड क्विंटल ओझे! हा दाब टॉर्चला झेपणार नाही. धरणाचे पाणी दारातून बेताने पाटात सोडतात ना? तसे रेग्युलेटर गॅस बेताने सोडतो.

रेग्युलेटरवर दोन घड्याळे असतात. एक बाटल्यातला दाब सांगते, दुसरे नळीतला. ऑक्सिजनचा काटा १५० वर असेल तर बाटला भरलेला. ७५ वर आला तर निम्मा संपला. थंडीच्या सकाळी काटा थोडा खाली दिसतो. त्याने घाबरू नका.

ॲसिटिलीनचे तसे नाही. बाटल्यात ॲसिटोन नावाचे द्रव असते. त्यात हा गॅस विरघळवून भरतात. म्हणून हा बाटला नेहमी उभा ठेवावा. आडवा केला तर द्रव बाहेर येते. आणि नळीत ॲसिटिलीनचा दाब १ किलोच्या वर कधीही नेऊ नये. जास्त दाबाखाली तो आपोआप फुटू शकतो.

आता काटा बिघाड कसा सांगतो ते पाहू.

टॉर्च बंद आहे, तरी नळीचा काटा हळूहळू वर चढतो. म्हणजे रेग्युलेटर आतून नीट मिटत नाही. बाटला ताबडतोब बंद करा.

टॉर्च बंद आहे, बाटलाही बंद केला, तरी काटा खाली येतो. म्हणजे कुठे तरी गळती आहे. बिनतेलाचे साबणपाणी सांध्यांना लावा. बुडबुडे आले तिथे गळती. काडी पेटवून मुळीच पाहू नका.

गॅस सगळा सोडून दिला, तरी काटा शून्यावर येत नाही. म्हणजे घड्याळच बिघडले. त्याच्यावर विसंबू नका.

बाटला भरलेला आहे, पण ज्योत बारीक. नळी मुडपली का, टॉर्चच्या तोंडात कचरा अडकला का, ते पाहा. रेग्युलेटर गारठला असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने शेका. ज्योत दाखवू नका.

रेग्युलेटर आपण उघडू नये. ते जाणत्या दुरुस्तीवाल्याचे काम. आणि ऑक्सिजनच्या सांध्याला तेल किंवा ग्रीस लावू नका. नट घट्ट आहे म्हणून तेल सोडले, तर ते भडका घेते. तेलकट हातमोजाही चालत नाही.

बाटला उघडण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू सैल करा. घड्याळासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. चावी सावकाश फिरवा.

कधी कुणी म्हणेल, "राहू दे रे, आजचा दिवस चालवून घे." तेव्हा भिऊ नका. काटा दाखवा आणि सांगा, "हा बदलल्याशिवाय काम नाही." तासभर काम थांबेल. पण संध्याकाळी सगळे धडपणे घरी जातील.

अक्षरे वाचायला आपण शिकलो. काटा वाचणे हेही वाचणेच आहे.

सांगा पाहू :
१. ॲसिटिलीनचा बाटला उभा का ठेवतात?
२. टॉर्च बंद असताना नळीचा काटा चढला, तर पहिले काम कोणते?