हिमाच्छादित पर्वतांचे टाइमलॅप्स : हिवाळ्यात स्पितीला निघालेल्या भाच्यास



ठरावीक अंतराने काढलेली शेकडो स्थिर छायाचित्रे सलग जोडून काही तासांचा काळ काही सेकंदांत दाखवणे, याला टाइमलॅप्स म्हणतात. ऐन जानेवारीत स्पितीच्या खोऱ्यात ते करू पाहणाऱ्याने एक तत्त्व मनाशी पक्के करावे : पडद्यावर दिसणारा बदल निसर्गाचाच असावा, कॅमेऱ्याचा नसावा.

म्हणून तिपाई उभी करण्यापूर्वी समोर नेमके काय बदलते आहे, ते शांतपणे पाहावे. कड्यावरून वेगाने सरकणाऱ्या ढगांना दोन-तीन सेकंदांचे अंतर लागते, तर ‘की गोम्पा’ या बौद्ध मठाच्या परिसरात उतारावरून हळूहळू पुढे येणाऱ्या सावलीला वीस-तीस सेकंदांचेही पुरते. दर १० सेकंदांनी एक छायाचित्र घेतल्यास तासाभरात ३६० मिळतात आणि सेकंदाला २४ या गतीने त्यांची अवघी १५ सेकंदांची फीत होते. हा हिशेब नवशिक्याला निराश करतो खरा, पण दिवसाकाठी एकच दीर्घ मालिका नीट पुरी करणे हे दहा अर्धवट मालिकांपेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबल्यास शुभ्र बर्फ मळकट दिसते. यासाठी प्रकाश एक ते दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवून उद्भासन (एक्स्पोजर), फोकस व व्हाइट बॅलन्स हाताने कायम करावेत. भिंगाचे छिद्र दर वेळी किंचित कमी-अधिक मिटते आणि त्यामुळे फीत लुकलुकते. ते पूर्ण उघडे ठेवल्यास हा दोष बहुतांशी टळतो.

थंडीतली खरी परीक्षा तिपाईच्या पायांची असते. भुसभुशीत बर्फात रोवलेले पाय ऊन चढताच खचू लागतात, ते डोळ्यांना जाणवत नाही, परंतु फितीत अख्खा डोंगर कलताना दिसतो. तेव्हा बर्फ उकरून टणक जमिनीपर्यंत जावे किंवा पायांखाली फळ्या द्याव्यात. लिथियम बॅटऱ्यांची शक्ती गारठ्यात झपाट्याने घटते, म्हणून जादा बॅटऱ्या अंगरख्याच्या आत ठेवाव्यात. परतल्यावर कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालून मगच उबदार खोलीत न्यावा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा भिंगाच्या आत बाष्प धरते. छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये आरंभलेल्या ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ने ग्रीनलंड, आइसलंड व अलास्का येथील हिमनद्यांसमोर दीर्घकाळ कॅमेरे ठेवले, तेव्हा त्यांनाही आधी यंत्रांच्या बिघाडाशीच झुंजावे लागले.

ताज्या हिमाचा उतार कितीही मोहक दिसला, तरी तो कोसळण्याचा धोका गावकऱ्यांनाच अधिक कळतो. त्यांना विचारल्याखेरीज अशा उताराखाली तिपाई लावू नये, आणि त्यांनी नको म्हटल्यास त्या दिवसाचे चित्र निमूटपणे सोडून द्यावे, एवढे मात्र अवश्य पाळावे.