एम.सी.बी. कोणाला वाचवते?
(विज्ञान परिचय : घरातील वीज)



घरात एम.सी.बी. बसवली की "आता विजेची भीती नाही" असे मोठी माणसेही म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. एम.सी.बी. तारांचे रक्षण करते. माणसाचे रक्षण करणारी व्यवस्था वेगळी असते आणि ती पुष्कळ घरांत नसते. हा फरक आज आपण साध्या गणिताने समजून घेऊ.

१. खांबापासून घरापर्यंत

आपल्या चिंताकीसह सगळ्या औराद तालुक्याला वीज जेस्कॉम ही कंपनी पुरवते. तिचे मुख्य कार्यालय कलबुरगी येथे आहे. ११,००० व्होल्टची लाईन गावाजवळच्या रोहित्रापर्यंत येते. यालाच आपण डीपी किंवा टीसी म्हणतो. तेथे दाब कमी होऊन तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट, तर एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट दाब असतो. शेतातल्या मोठ्या मोटारीला तिन्ही फेज लागतात. साध्या घराला एक फेज आणि न्यूट्रल पुरतात.

रोहित्राजवळ न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

खांबावरून तार मीटरमध्ये येते. मीटरपर्यंतची जोडणी कंपनीची असते. मीटरच्या पुढची सगळी वायरिंग घरमालकाच्या जबाबदारीची. म्हणून पुढचा धडा घरच्यांनाही वाचून दाखवा.

२. पेटीत काय असते?

मीटरनंतर मुख्य स्विच आणि त्यापुढे वाटणीची पेटी असते. जुन्या घरांत तेथे चिनी मातीचे फ्यूज दिसतात, नव्या घरांत एम.सी.बी. पेटीतून प्रत्येक खोलीला वेगळी वाट जाते. दिवे-पंख्यांसाठी बहुधा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ६ किंवा १० अँपिअरची एम.सी.बी. असते. मोठ्या सॉकेटसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १६ अँपिअरची एम.सी.बी. वापरतात. म्हणजे एम.सी.बी.चा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, घरच्यांच्या सोयीवरून नाही.

३. एम.सी.बी. केव्हा पडते?

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. समजा, दिव्याच्या वाटेवर कोणी बोर्ड लावून १००० वॅटची इस्त्री, १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड आणि २००० वॅटची शेगडी एकदम चालू केली.

४५०० ÷ २३० = सुमारे १९.६ अँपिअर.

दहा अँपिअरच्या वाटेवर हा दुप्पट भार झाला. एम.सी.बी.च्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. जास्त धारेने ती तापते, वाकते आणि खटका पाडते. याला थोडा वेळ लागतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले तर मात्र धारा एकदम शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा आतली गुंडाळी चुंबक बनते आणि खटका क्षणात ओढते. पहिला प्रकार अतिभाराचा, दुसरा शॉर्टसर्किटचा.

एम.सी.बी. वारंवार पडते म्हणून कोणी दहाच्या जागी बत्तीसची बसवतात, किंवा फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळतात. खटका पडणे बंद होते, पण भार तेवढाच राहतो. मग भिंतीतली तारच फ्यूजचे काम करू लागते. तिचे आवरण वितळते आणि आग लागते. कर्नाटकात २०२३ मध्ये गृहज्योती योजना सुरू झाली, तीत ठरावीक मर्यादेपर्यंत घरगुती विजेचे बिल माफ झाले. परंतु युनिट माफ झाले म्हणून तारेची ताकद वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या.

४. शॉक बसतो तेव्हा

आता खरा प्रश्न. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध सुमारे १००० ओहम धरू. त्याचा हात फेजला लागला, पाय ओल्या जमिनीवर आहेत. न्यूट्रल रोहित्राजवळ जमिनीशी जोडलेला असल्यामुळे धारा अंगातून जमिनीत आणि जमिनीतून रोहित्राकडे परत जाते.

२३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर.

पन्नास मिलिअँपिअर धारा काही क्षण छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. इथे तर तिच्या चौपटीहून अधिक झाली. पण सोळा अँपिअरच्या एम.सी.बी.च्या दृष्टीने ०.२३ अँपिअर म्हणजे एक लहान पंखा चालू झाल्यासारखे आहे. ती पडणार नाही.

५. अर्थिंग आणि आपली काळी जमीन

लोखंडी कूलरच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर अर्थिंगची हिरवी तार ती धारा जमिनीत नेते. म्हणून तीन पायांच्या प्लगचा जाड पाय कधी कापू नये. पण अर्थिंगलाही रोध असतो. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते. सुकलेल्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो २० ओहम झाला.

२३० ÷ २० = ११.५ अँपिअर.

सोळाची एम.सी.बी. याने पडत नाही आणि कूलरचा पत्रा जिवंतच राहतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, उन्हाळ्यात पाणी ओततात. तरीही केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

६. माणसाचा राखणदार

येथे आर.सी.सी.बी. कामाला येते. ती फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा यांचा सतत ताळा करते. जेवढी गेली तेवढी परत आली तर ठीक. फरक पडला म्हणजे वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित एखाद्याच्या अंगातून. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. घेतात. वरच्या २३० मिलिअँपिअरच्या गळतीला ती सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वीज तोडते.

तिच्याही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर गेलेली धारा परत येते, ताळा जुळतो आणि ती पडत नाही. अतिभारही तिला कळत नाही. म्हणून एम.सी.बी., अर्थिंग आणि आर.सी.सी.बी. ही तिन्ही हवीत.

७. घरी पाहून या

(मोठ्या माणसासोबत. पेटी उघडू नका, तारेला हात लावू नका.)

१) पेटीतल्या प्रत्येक एम.सी.बी.वरचा आकडा वहीत लिहा.
२) आर.सी.सी.बी. आहे का? तिच्यावर चाचणीचे बटण असते. वडीलधाऱ्यांना ते दाबायला सांगा. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवा.
३) कपडे वाळत घालायची तार लोखंडी असून विजेच्या तारेजवळ किंवा पत्र्याला बांधलेली असेल, तर ती काढून दोरी लावायला सांगा.
४) कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढतात का?

कोणी विजेला चिकटले तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. खांबावरची तुटलेली तार दिसली तर ना जवळ जा, ना काठी लावा. लांब राहून इतरांना अडवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

प्रश्न : २००० वॅटचा गिझर किती अँपिअर धारा घेतो? दिव्याच्या ६ अँपिअरच्या वाटेवर तो चालेल का? उत्तर गणितासह लिहून विज्ञानाच्या तासाला दाखवा.