खराडीच्या परसात कोंबड्या आणि बदके



खराडी हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. एके काळच्या शेतजमिनीवर आज संगणक कंपन्यांच्या इमारती आहेत. तरीही ज्यांच्या घरामागे गुंठाभर मोकळी जागा शिल्लक आहे, त्यांना घरची ताजी अंडी आणि परसबागेला खत या दोन्ही गोष्टी सहज मिळू शकतात. कोंबड्या पाळण्याचा अनुभव बहुतेकांच्या घरात असतोच. बदकांचे मात्र तसे नाही. ‘कोंबड्यांतच चार बदके सोडली तर चालतील का?’ असे पुष्कळ जण विचारतात. बदके जरूर पाळावीत, परंतु कोंबड्यांत सोडू नयेत. परस एक असला तरी खुराडी दोन आणि पाण्याची भांडीही दोन असावीत. याची कारणे समजून घेतली तर पुढचे बरेचसे नुकसान टळते.

बदक पाण्यात चोच बुडवून खाते, डोके हलवून पाणी उडवते आणि त्याची विष्ठाही पातळ असते. त्यामुळे खुराड्यातील तूस दोन दिवसांत ओले होते. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि अमोनियाच्या वासाने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. बदकाला या ओलीचा फारसा त्रास होत नाही, कोंबडीला होतो. दुसरे असे की, माद्या कमी असल्या तर नर बदक कोंबड्यांच्या मागे लागतो आणि त्यांना जखमा करतो. तिसरे कारण बर्ड फ्लूचे आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

किती पक्षी, किती जागा

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात भाजीचे वाफे, आळवाची खाच आणि दोन-चार केळी धरली तर सहा कोंबड्या व चार बदके पुरेशी होतात. गादी पद्धतीत प्रत्येक कोंबडीला दोन चौरस फूट आणि बदकाला रात्रीच्या निवाऱ्यात चार चौरस फूट जागा द्यावी. म्हणजे चार बाय चार फुटांची दोन खुराडी झाली. कोंबड्यांना रात्री बसण्यासाठी आडवी काठी लावावी. बदके जमिनीवरच बसतात, त्यांना काठी लागत नाही. खाली भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले चार बोटे जाडीची पसरावीत व रोज हलवावीत. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर गाडावी. शहरात बिबट्या-कोल्ह्यापेक्षा घूस, मुंगूस आणि भटकी कुत्री हेच खरे शत्रू आहेत. घूस बिळातून येते, दारातून येत नाही.

अंडी मिळावीत एवढाच हेतू असेल तर कोंबडा लागत नाही आणि नर बदकही लागत नाही. कोंबडा पहाटे चारला आरवतो, शेजारी सातला उठतो. वाद तिथून सुरू होतो. महानगरपालिकेचे आणि सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत, मगच खुराड्याला खिळा ठोकावा.

जाती

व्यापारी पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या परसात आणू नयेत. त्या पिंजऱ्यासाठी आणि संतुलित खाद्यासाठी तयार केलेल्या आहेत. परसासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया, तसेच बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरीराजा या जाती योग्य आहेत. अंड्यांसाठी ग्रामप्रिया सरस ठरते. वर्षाला १६० ते १८० अंड्यांपर्यंत ती जाते. कडकनाथाचे सध्या फार कौतुक होते. पक्षी काटक आहे, पण अंडी कमी देतो.

बदकांत खाकी कॅम्पबेल घ्यावी. ही जात इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमती कॅम्पबेल यांनी तयार केली. चांगल्या व्यवस्थापनात ती वर्षाला २८० ते ३०० अंडी देते. परसात २०० धरून चालावे. अंडे ६५ ते ७० ग्रॅमचे असते. बदक पहाटे अंडी घालते, म्हणून सकाळी नऊनंतरच त्यांना बाहेर सोडावे. नाहीतर अंडी आळवात शोधावी लागतात. मादी ‘क्वॅक्’ असा मोठा आवाज करते, नराचा आवाज घोगरा असतो व शेपटीवर वळलेले पीस येते. बाजारात घेताना एवढे तरी पाहावे.

नदी जवळ आहे, म्हणून

बदकाला तळे लागतेच असे नाही. डोके आणि डोळे बुडतील इतके, म्हणजे पाच-सहा इंच खोल पाणी पुरते. जुने घमेले किंवा अर्धे कापलेले पिंप चालते. हे पाणी रोज बदलावे. काढलेले पाणी केळी-आळवाला घातले तर तेच खत होते.

मुळा-मुठा नदी खराडीच्या अंगणातून वाहते, मग बदके नदीवर का नेऊ नयेत? तीन कारणांसाठी नेऊ नयेत. या पाण्यात शहराचे सांडपाणी आहे. संथ, कोमट, कुजक्या पाण्यात मेलेल्या किड्या-माशांवर एक जिवाणू विष तयार करतो. ते पोटात गेले की बदकाची मान लुळी पडते, पाय ओढले जातात आणि पाण्यावर असेल तर ते बुडून मरते. दुसरे म्हणजे, नदीतील जलपर्णी अशा पाण्यातील जड धातू शोषून घेते. फुकटचा हिरवा चारा म्हणून ती आणून पक्ष्यांपुढे टाकू नये. तिसरे कारण हिवाळ्यातले. खराडीच्या खाली कवडी पाट येथे दरवर्षी चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू रानबदकांच्या आतड्यात राहू शकतो आणि बदक बाहेरून धडधाकट दिसते. तुमचे बदक त्या पाण्यात पोहून घरी आले आणि कोंबड्यांच्या भांड्यात चोच घातली, तर कोंबड्या दोन-तीन दिवसांत मरू लागतील.

हे भय काल्पनिक नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे ती पुन्हा आली. अशा वेळी बाधित क्षेत्रातील सगळे पक्षी मारावे लागतात, शेजाऱ्याचेसुद्धा. एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात लावू नये, लांब फेकू नये, लगेच शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मान वाकडी की मान लुळी?

या दोहोंतला फरक घरातील प्रत्येकाने ओळखावा. कोंबडीची मान पिळली जाणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप आणि लंगडणे ही मानमोडीची (राणीखेत) लक्षणे आहेत. तिच्यावर औषध नाही, लस आहे. मान दोरीसारखी लुळी पडून पक्षी शुद्धीत पण हलेनासा झाला तर ते विषबाधेचे लक्षण समजावे व पाणी आणि कुजके अन्न तपासावे.

पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस, चार ते पाच आठवड्यांनी पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत पंखाखाली देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात दिलेली असावी, ती दिल्याची खात्री करून पिल्ले घ्यावीत. देवी रोग डासांमुळे पसरतो. जलपर्णीमुळे नदीकाठी डास किती आहेत हे खराडीकरांना सांगायला नको. बदकांना डक प्लेगची वेगळी लस साधारण आठव्या आठवड्यात द्यावी.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि तुमच्याकडे पिल्ले सहा. विरघळवलेली लस एक-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली ठेवून उद्या वापरता येत नाही. म्हणून आळीतील चार घरांनी एकाच दिवशी लस टोचावी आणि कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी. हा साधा मेळ बसत नाही म्हणूनच परसातील निम्मे लसीकरण राहून जाते, असे आमचे मत आहे.

खाद्य आणि खर्च

कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम, बदकाला सुमारे १५० ग्रॅम खाद्य लागते. सहा कोंबड्या व चार बदके मिळून दिवसाला साधारण १३०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ४० किलो होते. अंडी कोंबड्यांची वर्षाला ९६० आणि बदकांची ८०० धरली तर महिन्याला सुमारे १४५ पडतात. एका अंड्यामागे पाव किलोहून थोडे अधिक खाद्य गेले. आपल्या दुकानातील खाद्याच्या भावाने हा आकडा गुणून पाहावा. सगळे खाद्य विकत घेतले तर अंडे बाजारभावापेक्षा महाग पडते. भाजीचा पाला, निवडलेल्या धान्याचा चुरा आणि परसातील किडे, गोगलगायी मिळून खाद्याचा जेवढा भाग वाचेल, तेवढा तुमचा नफा. कोंबडी वाफा उकरते. बदक उकरत नाही, गोगलगायी टिपते, पण कोवळा पालकही फस्त करते. त्याला वाफ्यात सोडायचे ते रोपे वीतभर झाल्यावर.

जवळच्या खाणावळीतील उरलेले अन्न फुकट मिळते, पण त्यात मीठ-मसाला जास्त असतो. जास्त मिठाने पक्षी मरतात. बुरसटलेला पाव, बुरशी आलेला मका आणि भुईमुगाची ओली पेंड तर बदकांच्या जवळही नेऊ नये. बुरशीतील अफलाटॉक्सिन हे विष बदकांच्या पिल्लांना सर्वांत लवकर बाधते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी आणि पुष्कळ बदकपिल्ले मेली. त्यानंतरच या विषाचा शोध लागला. ते शिजवून जात नाही आणि वरची बुरशी पुसली म्हणून संपत नाही. पावसाळ्यात खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे व पोते भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावे.

पिल्ले कोठून, कशी

कोंबड्यांच्या पिल्लांसाठी खडकी येथील शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत बदकांची पैदास होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ९५ अंश फॅरनहाइट ऊब द्यावी व दर आठवड्याला ५ अंशांनी कमी करावी. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर ऊब कमी आहे, कडेला पळाली तर जास्त आहे. तापमापक नसला तरी चालते.

खाकी कॅम्पबेल सहसा खुडूक बसत नाही. तिची फळलेली अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावीत, सहा ते आठ पुरेत. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत, बदकाचे २८ दिवसांत फुटते. मोठी अंडी कोंबडीला नीट फिरवता येत नाहीत, ती आपण दिवसातून दोनदा हाताने फिरवावीत. शेवटच्या आठवड्यात त्यांवर कोमट पाणी शिंपडावे. निघालेल्या पिल्लांच्या पिसांना आईचे तेल लागलेले नसते. ती पहिले काही आठवडे पाण्यात पडली तर भिजून गारठतात. तोवर त्यांना चोच बुडेल एवढेच पाणी उथळ भांड्यात द्यावे आणि त्यात दोन-चार दगड ठेवावेत.