संगणक शाखेच्या रांगेबाहेरचे काम: बॅटरीतील प्रवाहाची मोजणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की धाकटी डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या घरांतून दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो: संगणक शाखा मिळाली नाही तर मोठी रक्कम भरून ती घ्यावी का? याचे उत्तर नकारार्थी आहे. शेजारच्या मुलाने घेतली म्हणून कोणतीही शाखा घेऊ नये, आणि त्यासाठी बोट किंवा चिकूची वाडी गहाण ठेवणे ही तर मुलावर लादलेली कर्जाची शिक्षाच होय. वैद्यकीय, बँक व स्पर्धा परीक्षांच्या वाटा सर्वांना ठाऊक आहेत. दुर्लक्षित राहते ती इलेक्ट्रॉनिक्स शाखा आणि तिच्यातील बॅटरी-स्विचच्या रचनेचे काम.

बॅटरी-स्विच म्हणजे बॅटरीला भाराशी, म्हणजे वीज वापरणाऱ्या उपकरणाशी, जोडणारे व धोका दिसताच तोडणारे मंडल. शॉर्टसर्किट झाल्यास ही जोडणी काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत, तोडावी लागते आणि त्यासाठी प्रवाह सतत मोजावा लागतो. जुनी रीत शंटची, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत अत्यल्प रोधाची धातूची पट्टी बसवण्याची. परंतु १०० मायक्रोओहमच्या शंटमधून २०० अँपिअर वाहिले तर ४ वॉट शक्ती उष्णतेत वाया जाते. दुसरी रीत तारेला न तोडता तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मोजते. १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी प्रवाहामुळे होकायंत्राची सुई वळते हे दाखवले, आणि १८७९ मध्ये एडविन हॉल यांना आढळले की प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवे चुंबकीय क्षेत्र लावल्यास तिच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. हॉल सेन्सर याच तत्त्वावर चालतो.

१०० अँपिअर वाहणाऱ्या सरळ तारेपासून १ सेंटिमीटरवर सुमारे २ मिलिटेस्ला क्षेत्र असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक पट; तरीही शेजारच्या तारेचे क्षेत्र मापन बिघडवते. म्हणून प्रवाह वाहून नेणाऱ्या पट्टीच्या दोन बाजूंना दोन सेन्सर बसवून त्यांच्या मापनांची वजाबाकी करतात: पट्टीचे क्षेत्र दोन्हीकडे विरुद्ध दिशेचे असल्याने दुप्पट होते, तर दुरून येणारे क्षेत्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असल्याने बव्हंशी रद्द होते. सेन्सर कोठे बसवायचा, हे ठरवायला भौतिकशास्त्राची समज आणि सोल्डरिंगचा हात दोन्ही लागतात.

या कामाकडे जाण्यासाठी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रम किंवा दहावीनंतरची तीन वर्षांची इलेक्ट्रॉनिक्स पदविका पुरेशी सुरुवात आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. ज्याला मोजणीतील चिकाटी नकोशी वाटते, त्याने मात्र या वाटेला जाऊ नये.

अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एक साधी परीक्षा घ्यावी. धाकटी डहाणूच्या खाडीत उभ्या असलेल्या बोटीच्या स्टार्टरच्या जाड तारेखाली होकायंत्र धरले की इंजिन सुरू होताना सुई झटक्याने वळते. ती का वळली, असे जे मूल विचारील आणि उत्तर मिळेपर्यंत थांबेल, त्याला संगणक शाखेच्या रांगेत ढकलण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही.