विद्यादानी भास्करबुवा

विद्या बाळगणारे लोक दोन तऱ्हेचे असतात. एक विद्या पेटीत ठेवून किल्ली कनवटीला लावतात. दुसरे पेटीच उघडी टाकतात, ज्याला पाहिजे त्याने घ्यावे. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो दुसऱ्या वाटेने. आपला सगळा संप्रदाय त्या उघड्या पेटीवरच उभा आहे.

गाण्याच्या प्रांतात ही वाट चालणारे एक थोर गुरू महाराष्ट्रात होऊन गेले, गायनाचार्य भास्करबुवा बखले. त्यांचे चरित्र आपल्या भजनी मंडळींनी ध्यानात घ्यावे म्हणून हा पाठ.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातेत, कठोर या गावी झाला. घरची गरिबी होती. गळ्याचे पहिले वळण बडोद्यास पिंगळेबुवा या कीर्तनकारांकडे मिळाले. म्हणजे सुरुवात कीर्तनाच्या अंगणातली, हे आपण विसरू नये. आवाज गोड म्हणून मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. इंदूरला त्याचे गाणे थोर बीनकार बंदे अलीखाँ यांनी ऐकले आणि त्यांनी त्याला आपला शागीर्द केले.

पण पुढे वय वाढले आणि आवाज फुटला. ज्या गळ्यावर लोक खूष होते तो गळाच राहिला नाही. रंगभूमीवरचे गाणे सुटले. अशा वेळी पुष्कळ पोरे गाण्याला रामराम ठोकतात. भास्कर मात्र शिकायला निघाला. बडोद्यास फैज महंमदखाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी, मग नत्थनखाँ यांच्याकडे आग्र्याची, आणि स्वतःचे नाव झाल्यावरही अल्लादियाखाँ यांच्याकडे जयपूरची. तीन घराण्यांची तालीम, तीही गुरूघरी सेवा करून, वर्षानुवर्षे. गुरू मुसलमान, शिष्य ब्राह्मण. पण सुराला सोवळे-ओवळे नसते. शेख महंमदांना संत म्हणून वंदन करणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आता खरा मुद्दा. त्या काळी खाँसाहेबांची विद्या बहुधा मुलाला किंवा पुतण्याला मिळायची. बाहेरच्याने पाय चेपायचे, पाणी भरायचे आणि खास चीज कानावर पडेल तेव्हा पडेल. इतक्या कष्टाने मिळालेले धन भास्करबुवांनी कुलपात ठेवले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी उलट केले. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गायनशिक्षकाची नोकरी केली, आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. ज्याच्या घरात गाणे नाही अशा मुलालाही तेथे शिकायची सोय झाली.

नाटक मंडळीतही बुवा गुरू म्हणूनच परत आले. १९१६ साली खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आले. त्याच्या चाली बुवांच्या, आणि रुक्मिणी झाले त्यांचे शिष्य बालगंधर्व. नाथमहाराजांनी ओवीत गायिलेली आपली रखुमाई त्या नाटकाने हजारो प्रेक्षकांपुढे सुरांत उभी केली. टाळ्या बालगंधर्वांना मिळाल्या. गुरूला काय मिळाले? शिष्याचा गळा लागला, एवढे समाधान. ८ एप्रिल १९२२ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी, बुवांनी पुण्यात देह ठेवला.

येथे चरित्र संपते असे वाटेल. पण गुरूचे चरित्र शिष्यांत चालू राहते. बुवांचे एक शिष्य कृष्णराव फुलंब्रीकर. यांचा जन्म १८९८ सालचा, आणि तोही माउलींच्या आळंदीत! लहानपणी ‘संत सखू’ नाटकात त्यांनी साक्षात विठोबाची भूमिका केली होती. पुढे ते बुवांच्या हाताखाली तयार झाले आणि ‘मास्तर कृष्णराव’ म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी चिजा स्वरलिपीत मांडून ‘रागसंग्रह’ या नावाने छापल्या. पुन्हा तीच उघडी पेटी! १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ‘कान्होपात्रा’ नाटक केले. संगीत कृष्णरावांचे, आणि कान्होपात्रा झाले बालगंधर्व.

कान्होपात्रा ही आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची. गणिकेच्या पोटी जन्मली, बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पांडुरंगाच्या पायांशी प्राण ठेवला, आणि पंढरीच्या राउळात तिच्या जागी तरटीचे झाड उगवले, असे परंपरा सांगते. तिचा आर्त टाहो रंगभूमीवरून घरोघर गेला. ती भजने म्हणणाऱ्या गळ्यांमागे, १९२२ सालीच निघून गेलेल्या एका गुरूची तालीम होती.

काही वडीलधारी म्हणतील, नाटकातले गाणे आणि वारकरी भजन यांची भेसळ कशाला? शंका रास्त आहे. तानेखाली नाम बुडाले तर ते भजन राहत नाही. चाल ही पालखी आहे, आत बसायचे ते अभंगाच्या शब्दाने. पण एवढ्यासाठी गळ्याच्या शिक्षणालाच नाक मुरडणे बरे नव्हे. शब्द नीट पोचवायला सूर नीट लागावा लागतो.

म्हणून या चरित्रातून आपण तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली, आवाज फुटलेल्या पोराला टाकू नये. साधारण १२ ते १५ या वयात मुलाचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. गळा स्थिर व्हायला कित्येक महिने लागतात. या काळात त्याला वरच्या पट्टीत ओरडायला लावाल तर गळा बिघडेल. खालच्या पट्टीत, सोसेल तेवढेच, हलक्या आवाजात म्हणू द्या. टाळ द्या, पखवाजाजवळ बसवा, पाठांतर वाढवा. गळा जातो तेव्हा पोराला वाटते आपले आता काही काम नाही. तेवढ्यात एखाद्याने “बस रे माझ्याशेजारी” म्हटले, की पोर टिकते.

दुसरी, शिकण्यात कमीपणा मानू नये. नाव झाल्यावरही बुवा अल्लादियाखाँपुढे शिष्य होऊन बसले. आपण दोन चाली आल्या की बुवा होतो!

तिसरी आणि मोठी. आपल्या मंडळांत जुन्या चाली ठाऊक असलेली म्हातारी माणसे आहेत. काहीजण सांगत नाहीत; काहींना कोणी विचारतच नाही. माणूस गेला की चालही त्याच्याबरोबर जाते. एकादशीच्या जागराला एक जुनी चाल एका नव्या पोराच्या गळ्यात उतरवायची, असा नेम प्रत्येक मंडळाने धरावा. वर्षाकाठी चोवीस चाली वाचतील. खर्च काही नाही, फक्त कनवटीची किल्ली सोडायची.

धन दिल्याने कमी होते, विद्या दिल्याने दोन ठिकाणी राहते. भास्करबुवांनी ती शेकडो ठिकाणी ठेवली. आपण निदान एका ठिकाणी ठेवू या.

रामकृष्णहरी.